न्यूपोर्टचा लोकसंगीत-महोत्सव आणि लुइझियानाची फ्रेंच

जत्रेत गाणारा आणि ऐकणारा बहुधा एकाच मुलखाचे आणि एकाच बोलीचे असतात. लोकसंगीताचा आधुनिक महोत्सव याच बाबतीत जत्रेहून निराळा आहे. तेथे गाणारे दूरदूरच्या प्रांतांतून आणलेले असतात, ऐकणारे मुख्यत्वे शहरांतून आलेले असतात, आणि गीताची भाषा श्रोत्यांस कळेलच असा भरवसा नसतो. न कळणाऱ्या भाषेतील गीताचा आस्वाद हा मग केवळ स्वर-तालाचा आस्वाद ठरतो काय, आणि अशा आस्वादाचा त्या भाषेवर काही परिणाम संभवतो काय, हा प्रश्न भाषाभ्यासकाच्या दृष्टीने महत्त्वाचा आहे. अमेरिकेतील न्यूपोर्टच्या महोत्सवात १९६४ साली जे घडले त्याच्या आधारे त्याचा विचार करता येतो.

न्यूपोर्ट हे ऱ्होड आयलंड संस्थानातील समुद्रकाठचे गाव. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस धनिकांनी उन्हाळ्यापुरते राहण्यासाठी बांधलेल्या प्रासादतुल्य घरांसाठी ते प्रसिद्ध आहे. अशा गावी शेतमजुरांची, गिरणीकामगारांची आणि कैद्यांची गाणी ऐकण्यासाठी माणसे लोटावीत, यात एक विसंगती आहे खरी. परंतु ती त्या काळी कोणास फारशी खटकलेली दिसत नाही. जॉर्ज वीन यांच्या पुढाकाराने पहिला महोत्सव १९५९ सालच्या जुलै महिन्यात एका शनिवारी व रविवारी भरला. १९६१ व १९६२ या दोन वर्षी तो झाला नाही. १९६३ साली त्याची पुनर्घटना होऊन तो एका विनालाभ प्रतिष्ठानाच्या हाती आला, आणि पीट सीगर, थिओडोर बिकेल यांसारखे गायकच त्याचे संचालक झाले.

या पुनर्घटनेतील एक नियम लक्षणीय होता. नामवंत गायक असो वा खेड्यातून प्रथमच बाहेर पडलेला शेतकरी असो, प्रत्येकास मानधन सारखेच, ५० डॉलर. प्रवास व निवास यांचा खर्च निराळा. शिल्लक राहणारी रक्कम खेड्यापाड्यांतील गायकांचा शोध घेण्याकडे आणि त्यांच्या परंपरांना साहाय्य करण्याकडे वळवावयाची होती. महोत्सवाचा दिनक्रमही याच धोरणाला धरून होता. रात्री मोठ्या रंगमंचावर हजारो श्रोत्यांसमोर कार्यक्रम होत. दिवसा मात्र निरनिराळ्या कोपऱ्यांत लहान लहान बैठका भरत. कोठे बँजो-वादनाच्या रीती, कोठे कथागीते, कोठे ब्लूज. श्रोते गवतावर बसत, वादकाची बोटे जवळून पाहात, शंका विचारीत. न्यूपोर्टचा खरा आनंद या दुपारच्या बैठकांतच होता असे म्हणणे अवाजवी होणार नाही. मिसिसिपी जॉन हर्ट यांच्या १९२८ सालच्या ध्वनिमुद्रिका संग्राहकांच्या परिचयाच्या होत्या, परंतु त्यांचा स्वतःचा ठावठिकाणा कोणास ठाऊक नव्हता. १९६३ साली ते सापडले आणि त्याच उन्हाळ्यात न्यूपोर्टच्या श्रोत्यांसमोर बसले होते.

प्रतिष्ठानाच्या वतीने क्षेत्रकार्य करणाऱ्यांपैकी राल्फ रिन्झलर हे लुइझियाना संस्थानाच्या नैर्ऋत्य भागात गेले. तेथील केजन लोकांचे पूर्वज मूळचे आकादीचे, म्हणजे आजच्या कॅनडातील नोव्हा स्कोशिया व आसपासच्या प्रदेशातील फ्रेंच वसाहतकार. १७५५ साली इंग्रजांनी त्यांची हकालपट्टी केली आणि पुढील तीस वर्षांत त्यांच्यापैकी कित्येक कुटुंबे लुइझियानात स्थिरावली. ‘केजन’ हे नावच या इतिहासाचा अवशेष आहे. ‘आकादियँ’ या शब्दातील आद्य स्वर लोपला, दकार व त्यापुढील यश्रुती यांचा संयोग होऊन जकार झाला, आणि इंग्रजीच्या तोंडी त्याचे ‘केजन’ झाले. संस्कृत ‘अद्य’पासून प्राकृत ‘अज्ज’ व त्यापासून मराठी ‘आज’ सिद्ध होताना हेच तालव्यीकरण घडले आहे. त्यामुळे मराठी वाचकास ते नवे वाटू नये.

या लोकांची फ्रेंच पॅरिसच्या फ्रेंचहून बरीच निराळी. ‘आता’ या अर्थी ती ‘आस्तर’ म्हणते (‘या घटकेला’ अशा अर्थाच्या पदसमूहाचे हे घट्ट झालेले रूप), आणि मोटारगाडीला गाड्याचा जुना शब्द ‘शार’ लावते. या भेदांत उणेपणा कसलाच नाही. परंतु १९२१ च्या संस्थानी राज्यघटनेने सार्वजनिक शाळांतील शिक्षण इंग्रजीतूनच दिले पाहिजे असे ठरविले. घरी केवळ फ्रेंच ऐकलेली मुले शाळेत येत आणि आवारात तोंडून फ्रेंच शब्द निघाला तर शिक्षा भोगीत; ‘मी फ्रेंच बोलणार नाही’ हे वाक्य शंभरदा लिहून काढणे ही त्यांतील एक. अशा शिक्षेने भाषा लगेच मरत नाही, परंतु ती बोलणाऱ्यास तिची लाज वाटू लागते. आणि लाजेपोटी आईबाप मुलांशी ती बोलेनासे होतात. एका पिढीच्या मौनाने जे नुकसान होते ते पुढे दहा शाळा काढूनही सहसा भरून येत नाही.

१९६४ च्या जुलैअखेर न्यूपोर्टला तीन केजन वादक आले : अकॉर्डियनवर ग्लेडियस तिबोदो, फिडलवर लुई लजून आणि गिटारवर ड्यूई बाल्फा. बाल्फा मूळचे फिडलवादक; ऐनवेळी दुसऱ्याच्या जागी म्हणून ते आले होते. घरगुती नाच, फार तर एखादे नृत्यगृह, हे त्यांचे श्रोतृवर्तुळ. दोनशे माणसे एकत्र कधी पाहिली असतील की नाही याचीही त्यांना शंका होती. असले संगीत बाहेर नेल्यास प्रांताची शोभा होईल, अशा आशयाचा उपहास त्यांच्याच भागातील एका वृत्तपत्राने केला होता. न्यूपोर्टला मात्र त्यांच्यासमोर सुमारे १७,००० श्रोते होते, आणि ते उभे राहून टाळ्या वाजवीत त्यांना मंचावरून उतरू देईनात. न्यूपोर्टचे इतिहासकार सामान्यतः पुढच्या वर्षीच्या, म्हणजे २५ जुलै १९६५ च्या, बॉब डिलन यांच्या विद्युत-गिटारीवरून माजलेल्या वादावर पाने खर्च करतात. भाषेच्या दृष्टीने आदल्या वर्षीचा प्रसंग अधिक वजनाचा आहे.

त्या श्रोत्यांपैकी बहुतेकांस गीतांचे शब्द कळत नव्हते हे उघड आहे. तथापि त्यांना भाषेचे काहीच कळले नाही असे म्हणता येत नाही. केजन गायक शब्द उंच पट्टीत ताणून म्हणतो. स्वर लांबतात, अनुनासिके घुमतात, वाल्झच्या तीन मात्रांवर आघात बसतो. अर्थ बाजूला राहिला तरी भाषेचे ध्वनिरूप श्रोत्याच्या कानी पडतेच. किंबहुना अर्थाचा अडसर नसल्याने ते अधिक निखळपणे पडते. हा आस्वाद अपुरा आहे, खोटा नव्हे. परंतु प्रश्न आस्वादाच्या पूर्णतेपुरता नाही. भाषेची प्रतिष्ठा ती भाषा जाणणाऱ्यांच्या हाती असते तितकीच न जाणणाऱ्यांच्याही हाती असते. शाळेतील काही मास्तरांनाही फ्रेंच कळत नव्हती आणि न्यूपोर्टच्या श्रोत्यांनाही कळत नव्हती; एकाने शिक्षा केली, दुसऱ्यांनी टाळ्या वाजविल्या.

त्या टाळ्यांचा प्रतिध्वनी आपल्या मुलखात नेऊन पोहोचवावयाचा असा बाल्फा यांनी निश्चय केला. १९६८ साली संस्थानाने फ्रेंचच्या संवर्धनासाठी परिषद स्थापिली. तिचा प्रारंभीचा कल प्रमाण फ्रेंचकडे होता. शिक्षक फ्रान्स, बेल्जियम व क्वेबेक येथून आणविले गेले. संगीताकडे वळण्यास ती सहज तयार नव्हती. अखेर २६ मार्च १९७४ रोजी लाफायेत येथे केजन संगीताचा गौरव-समारंभ झाला आणि भर पावसात सुमारे १२,००० माणसे जमली. संयोजकांनी तेथे नाचाला जागाच ठेवली नव्हती. केजन माणूस वाद्य वाजू लागले की नाचू लागतो आणि गीताकडे त्याचे लक्ष राहत नाही. यावेळी त्याने बसून ऐकावे अशी ती योजना होती. म्हणजे न्यूपोर्टच्या परक्या श्रोत्याची बैठक गीताच्या धन्याला शिकविण्याचा तो प्रयत्न होता. यातूनच पुढे वार्षिक महोत्सव उभा राहिला. त्याच वर्षीच्या नव्या राज्यघटनेने आपला भाषिक व सांस्कृतिक वारसा जपण्याचा लोकांचा हक्क मान्य केला.

हे सर्व महोत्सवाने केले असे मानणे भाबडेपणाचे होईल. ज्या पिढीला संगीताचा अभिमान परत मिळाला तिच्यातील अनेकांना भाषा मात्र परत मिळाली नाही. फ्रेंच गीत अचूक गाणारे, परंतु मंचावरून उतरताच इंग्रजीतच बोलणारे तरुण गायक लुइझियानात दुर्मिळ नाहीत. काहींनी शब्द केवळ ध्वनी म्हणून पाठ केलेले असतात. अशा पाठांतरात एखादा अनोळखी शब्द ओळखीच्या ध्वनीकडे झुकतो, दोन शब्दांची सीमा पुसट होते, आणि जुन्या ध्वनिमुद्रिकेतील एखादी चूकही परंपरा म्हणून पुढे जाते. उलट काही गायक गीतातून भाषेकडे आले : आधी शब्द पाठ, मग त्याचा अर्थ, मग आजीशी दोन वाक्ये. या दुसऱ्या वाटेने येणाऱ्यास जी फ्रेंच भेटते ती पाठ्यपुस्तकातील नव्हे, ‘आस्तर’ म्हणणारी असते. आणि शाळेत शिकलेल्या फ्रेंचशी तिचा मेळ कसा घालावयाचा, हे त्याला बहुधा स्वतःच ठरवावे लागते.