एक 'सेट', अर्थ किती?

ऑक्सफर्डच्या मोठ्या शब्दकोशाच्या 1989 च्या आवृत्तीत सर्वांत लांबलचक नोंद होती 'सेट' या तीन अक्षरी इंग्रजी शब्दाची. एकट्या क्रियापदाचेच 430 अर्थ!

आपल्या कवठे महांकाळात त्यातले बरेच रोज कानावर पडतात. ऑक्टोबर छाटणीनंतर द्राक्षाचा घड फुलोऱ्यात येतो, मग मणी धरतो. त्यालाच बागायतदार 'सेटिंग' म्हणतो. नेमका फुलोऱ्यात पाऊस आला की गळ आणि कूज. "मणी सेट झाला" हे वाक्य म्हणूनच सुटकेचं. (पूर्ण सुटका नाही, पुढे डाऊनी रोग आहेच.)

विहिरीवरचा पंपसेट म्हणजे मोटर आणि पंपाची जोडी. गणितात सेट म्हणजे संच. स्लॅब सेट होतो म्हणजे घट्ट धरतो. दही मात्र आपल्याकडे लागतं आणि सूर्य मावळतो, तिथं 'सेट'ला प्रवेश नाही. प्राध्यापकीसाठीची 'सेट' तर या घराण्यातलीच नव्हे, ती राज्य पात्रता परीक्षेच्या इंग्रजी नावाची आद्याक्षरं.

आणि "त्यानं वर सेटिंग लावलंय"? हे संधान बांधणं, आतून जुळवून घेणं. हा अर्थ अस्सल देशी!