आई-बाबांसोबत राहता, कमाई कमी आणि तरी टीडीएस कापला? पैसे परत कसे मिळतील?

समजा, भंडारा जिल्ह्यातल्या करडीत राहणारा 24 वर्षांचा अविवाहित तरुण आहे. घर आई-बाबांचं, काम लॅपटॉपवर नागपूरच्या एका कंपनीसाठी. महिन्याला 15 हजार, म्हणजे वर्षाला 1 लाख 80 हजार. कंपनी त्याला पगारदार मानत नाही. 'प्रोफेशनल फी' म्हणून पैसे देते आणि 10 टक्के टीडीएस कापते. वर्षाचे 18 हजार गेले.

रिटर्न भरला तर हे पैसे परत मिळतात. पण घरात सगळे म्हणतात, "रिटर्न भरू नको, आईचे लाडक्या बहिणीचे पैसे बंद होतील." महिन्याला 1,500 प्रमाणे तेही वर्षाला 18 हजारच. मग करायचं काय?

आधी आयकराचं बघू. आयकर कायद्यात प्रत्येक सज्ञान व्यक्तीचा हिशोब वेगळा असतो. तुम्ही कोणाच्या घरात राहता, कोणाच्या ताटात जेवता याच्याशी आयकर खात्याला देणंघेणं नाही. आई-वडिलांच्या उत्पन्नात फक्त अल्पवयीन मुलांचं उत्पन्न मिळवलं जातं, तेही काही अपवाद सोडून. 2025-26 या आर्थिक वर्षात नव्या कर प्रणालीत 4 लाखांपर्यंत कर नाही आणि कलम 87अ च्या सवलतीमुळे 12 लाखांपर्यंतच्या उत्पन्नावरचा कर शून्य होतो. ऑनलाइन गेममध्ये जिंकलेले पैसे मात्र यात येत नाहीत, त्यावर सरळ 30 टक्के कर लागतो.

रील्समध्ये दिसणारं 'टॅक्स क्रेडिट' बहुतेकदा अमेरिकेतलं असतं. तिथे कमी कमावणाऱ्याला, कर शून्य असला तरी, काही क्रेडिटचे पैसे सरकार वरून देतं. आपल्याकडे तसं नाही. आपली सवलत कर शून्यावर आणून थांबते. तुमच्या नावावर आधीच कापलेला टीडीएस तेवढा परत मिळतो.

आता आईचे पैसे. गोंधळ होतो तो 'कुटुंब' या शब्दामुळे, कारण प्रत्येक योजनेत त्याचा अर्थ वेगळा आहे. वडिलांना पीएम-किसानचे वर्षाला 6 हजार मिळत असतील, तर तिथे कुटुंब म्हणजे पती, पत्नी आणि अल्पवयीन मुलं. 24 वर्षांचा मुलगा त्यात मोजलाच जात नाही. लाडकी बहीण योजनेत मात्र कुटुंब म्हणजे पती, पत्नी आणि त्यांची अविवाहित मुलं. इथे वयाची अट नाही. (मुलाचं लग्न झालं की तो या व्याख्येतून बाहेर!)

या योजनेची एक अट अशी की कुटुंबात कोणी आयकरदाता नसावा. आयकरदाता म्हणजे कर भरणारा. आपल्या तरुणाचा कर शून्य आहे, त्यामुळे नुसता रिटर्न भरून तो आयकरदाता ठरत नाही.

खरी अडचण दुसऱ्या अटीत आहे: कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न अडीच लाखांपेक्षा जास्त नको. धानाच्या शेतीतून वडिलांना वर्षाला 90 हजार मिळत असतील, तर त्यावर आयकर नाही, पण कुटुंबाच्या उत्पन्नात ते मोजले जातात. मुलाचे 1 लाख 80 हजार धरून बेरीज 2 लाख 70 हजार. घर अटीबाहेर गेलं, रिटर्न भरला काय आणि न भरला काय. पिवळं किंवा केशरी रेशनकार्ड असेल तर उत्पन्नाचा दाखला मागत नाहीत, पण अट तशीच राहते.

रिटर्न न भरून कमाई लपतही नाही. कंपनीने टीडीएस कापला तेव्हाच ती मुलाच्या पॅनवर नोंदली गेली. आयकर पोर्टलवर लॉग-इन करून 26एएस उघडा, तिथे रक्कम दिसेल. म्हणजे रिटर्न टाळला तर फक्त हातचे 18 हजार जातात.

भरताना आयटीआर-1 निवडू नका, तो फॉर्म प्रोफेशनल फीसाठी नाही. पॅन-आधार जोडलेलं हवं, बँक खातं पोर्टलवर व्हॅलिडेट केलेलं हवं. रिटर्न भरल्यावर 30 दिवसांत आधार ओटीपीने ई-व्हेरिफाय करा, नाहीतर रिफंड अडकतो. आणि भरून देणारा रिफंडमध्ये टक्केवारी मागत असेल तर दुसरीकडे जा. फी ठरावीक असावी.