दोनदा पकडलेला चोर आणि एक निवृत्त पोलीस अधिकारी
(ऊस विकास अधिकारी, शेतकी विभाग)



आपल्या गटांत पहाटे ऊस नोंदीला किंवा लागणीच्या पाहणीला निघालं की रस्त्याच्या कडेनं पोरं धावताना दिसतात. पोलीस भरतीची तयारी चाललेली असते. कुणाचा बाप सभासद, कुणाचा तोडणी टोळीत. या पोरांच्या डोळ्यांसमोर पोलीस म्हणजे बहुधा सिनेमातला. म्हणून आज ऊस बाजूला ठेवून एका खऱ्या पोलिसाची हकिगत सांगतो. त्यांचं नाव श्री. मधुकर झेंडे. मुंबई पोलिसांत नोकरी करून ते सहाय्यक पोलीस आयुक्त म्हणून निवृत्त झाले.

झेंडे साहेबांचं नाव ज्याच्याशी जोडलं गेलं तो चार्ल्स शोभराज. आई व्हिएतनामी, बाप भारतीय, कागदोपत्री फ्रेंच. दिसायला देखणा, बोलायला गोड, चार-पाच भाषा येणारा. परदेशी प्रवाशांशी ओळख करायची, खाण्यापिण्यातून औषध द्यायचं आणि पैसे व पासपोर्ट घेऊन पसार व्हायचं, हा त्याचा धंदा. १९७५-७६ च्या सुमारास थायलंड आणि नेपाळात प्रवाशांचे खून झाले, त्यांतही त्याचं नाव आलं.

पण मुंबईच्या पोलिसांनी त्याला त्याआधीच ओळखलं होतं. १९७१ साली मुंबईत मोठ्या दरोड्याचा बेत शिजतोय अशी खबर लागली. झेंडे तेव्हा गुन्हे शाखेत होते. ताजमहाल हॉटेलच्या परिसरात पाळत ठेवून त्यांनी शोभराजला धरलं. पुढे त्याला दिल्लीला नेलं. तिथं दुखण्याचं सोंग करून तो इस्पितळात पोचला आणि निसटला. पुढे देशाबाहेरही गेला.

१९७६ मध्ये तो दिल्लीत पुन्हा सापडला. फ्रेंच प्रवाशांच्या एका गटाला पोट बिघडू नये म्हणून गोळ्या दिल्या. एकेकजण कोसळू लागला तसं बाकीच्यांनी ओळखलं आणि त्याला धरून ठेवलं. मग तिहार तुरुंग. १६ मार्च १९८६ रोजी वाढदिवसाचं निमित्त काढून त्यानं पहारेकऱ्यांना गुंगीचं औषध घातलेली मिठाई वाटली आणि सरळ दरवाजातून बाहेर पडला. देशभर बोभाटा झाला.

मुंबईहून झेंडे मोजकी माणसं घेऊन गोव्यात गेले. इथं आपल्या धंद्यातला दाखला देतो. हुमणीची अळी मुळाशी दडलेली असते, ती शोधायला अख्खं शेत उकरत बसलं तर हाती काही लागत नाही. पण तिचा भुंगेरा पहिल्या वळवानंतर संध्याकाळी कडुनिंबावर, बाभळीवर येणारच. झाडाखाली उभं राहावं, फांद्या हलवाव्यात, की तो सापडतो. सवय कळली की ठिकाण कळतं. त्या काळी परदेशी फोन लावायची सोय मोजक्याच जागी. मांडवीपलीकडे पर्वरीला ओ कोकेरो नावाचं उपाहारगृह होतं, तिथं ती होती. पोलीस तिथं गिऱ्हाईक होऊन बसले. ६ एप्रिल १९८६ च्या रात्री शोभराज आला. पंधरा वर्षांपूर्वी पाहिलेला चेहरा झेंड्यांनी ओळखला, नावानं हाक मारली आणि झडप घातली. भरल्या हॉटेलात गोळी न झाडता माणूस ताब्यात आला. तिहारमधून पळाल्यापासून एकविसावा दिवस होता तो.

काहीजण म्हणतात, थायलंडला पाठवणी टळावी म्हणून त्याला तुरुंगातली वर्षं वाढवूनच हवी होती. तसं असेलही. पण म्हणून त्याला शोधून धरणाऱ्याचं काम हलकं होत नाही. १९९७ मध्ये तो सुटला, २००३ मध्ये काठमांडूत पकडला गेला, तिथं जन्मठेपेची शिक्षा झाली आणि डिसेंबर २०२२ मध्ये बाहेर आला.

आता मुद्द्याची गोष्ट. त्या उपाहारगृहात पुढे पुतळा बसवला गेला, तो कुणाचा? शोभराजचा! लोक शेजारी बसून फोटो काढू लागले. पुस्तकं निघाली, मालिका निघाल्या, त्याही त्याच्यावर. झेंडे साहेबांवर स्वतंत्र चित्रपट यायला २०२५ साल उजाडलं. मनोज बाजपेयींनी काम केलेला तो चित्रपट आला तेव्हा झेंडे ऐंशी ओलांडून गेले होते. चोराला पुतळा आणि धरणाऱ्याला चाळीस वर्षांनी चित्रपट, हा उलटा न्याय म्हणायचा.

जी माणसं गुंगीच्या गोळ्यांनी मेली, लुटली गेली, त्यांची नावं तर कुणाच्या तोंडी नाहीत. आपल्या घरात पोरं तो चित्रपट बघतील तेव्हा थोरांनी एवढं सांगावं, की गोड बोलून फसवणारा हुशार नसतो, लबाड असतो.

आणि पहाटे धावणाऱ्या पोरांनो, तुमच्यासाठी चार शब्द. छाती आणि धाव मोजून भरती होईल, पण नोकरी निभावते ती चेहरा लक्षात ठेवण्यानं, खबर तपासण्यानं आणि तासन् तास गप्प बसून वाट पाहण्यानं. अडसाली लागण केलेल्या शेतकऱ्याच्या पोराला वाट पाहणं का शिकवायला लागतं? ते तुमच्या घरातच आहे. ते घेऊन जा.