मुलाचें ताट आणि मुलाचें मन



घरांत लहान मूल जेवावयास बसलें म्हणजे त्याच्या ताटाभोंवतीं किती माणसें गोळा होतात, हें एकदां मोजून पाहावें. आई घांस हातांत घेऊन बसलेली असते, आजी गोष्ट सांगत असते, आजोबा खिडकींतला कावळा दाखवीत असतात, आणि हल्लीं या सर्वांच्या जोडीला मोबाइलहि तांब्याला टेकवून उभा केलेला असतो. एवढी फौज कशासाठीं, तर दीड वर्षाच्या एका जिवाच्या पोटांत चार घांस जावेत म्हणून. इतकें करूनहि तें मूल ओंठ मिटून मान फिरवितें. मग आईस वाटूं लागतें कीं, आपलेंच कांहीं तरी चुकत आहे. आणि तिला तसें वाटलें नाहीं, तर तसें सांगणारें माणूस घरांत एखादें असतेंच.

वस्तुतः बहुधा कोणाचेंच कांहीं चुकलेलें नसतें. आपल्याकडे जन्मतेवेळीं मुलाचें वजन सरासरीनें पावणेतीन ते तीन किलो असतें. पहिला वाढदिवस येईपर्यंत तें सुमारें तिप्पट होतें. म्हणजे १२ महिन्यांत साडेपांच-सहा किलोंची भर पडते. दुसऱ्या वर्षीं मात्र ही भर अवघी दोन-अडीच किलोंची असते. वाढीचा वेग असा मंदावल्यावर भूक पूर्वीच्याच चढत्या प्रमाणांत राहील कशी? त्यांतच दोन वर्षांच्या सुमारास नव्या पदार्थाविषयीं एक स्वाभाविक भय मुलाच्या मनांत उत्पन्न होतें. काल आवडीनें खाल्लेला दुधी आज तें दूर लोटतें. नुकतेंच चालूं लागलेलें मूल वाटेल तो पाला तोंडांत घालूं नये, म्हणून निसर्गानें ही भीति योजिली असावी असा विद्वानांचा तर्क आहे. पांच-सहा वर्षांनंतर ती बहुतेकांत ओसरते. या भीतीचा अंश कोणांत किती असावा हें पुष्कळ अंशीं अनुवंशानें ठरतें, असें इंग्लंडांतील जुळ्या मुलांच्या अभ्यासांतून दिसून आलें आहे. तेव्हां एकाच आईच्या हातचें एकाच तऱ्हेचें जेवण जेवून एक मूल खादाड व दुसरें चोखंदळ निघालें, तर त्यांत नवल मानूं नये.

मग मुलानें किती खावें हें ठरवावें कोणीं? या प्रश्नाचें एक फार मनोरंजक उत्तर अमेरिकेंतील क्लॅरा डेव्हिस या बालरोगतज्ज्ञ बाईंनीं शोधिलें. १९२६ च्या सुमारास त्यांनीं हा प्रयोग आरंभिला व १९३९ सालीं त्याचा समग्र वृत्तान्त प्रसिद्ध केला. अंगावरचें दूध नुकतेंच सुटलेलीं १५ मुलें त्यांनीं घेतलीं. दूध, फळें, भाज्या, धान्यें, अंडीं, मासे, मांस अशा सुमारें ३४ पदार्थांची यादी केली. पदार्थ अगदीं साधे शिजविलेले असत. मीठसुद्धां वेगळें ठेवीत. परिचारिका चमचा घेऊन स्वस्थ बसे. मुलानें हात पुढें केला किंवा बोट दाखविलें तरच ती चमचा भरी. 'हें खा' नाहीं, 'तें नको' नाहीं. चेहऱ्यावर कौतुक नाहीं कीं नापसंतीहि नाहीं. मुलांचीं एकेक जेवणें पाहिलीं तर हंसूं यावें अशीं होतीं. कोणी सकाळीं नुसता संत्र्याचा रस व कलेजी खाई, तर कोणी रात्रीं अंडीं, केळीं व दूध यांवरच भागवी. परंतु महिन्यामहिन्यांचा हिशेब पाहिला तेव्हां मुलें उत्तम वाढलेलीं आढळलीं. एका मुलास मुडदूस होता. त्याच्यापुढें माशाच्या तेलाचा पेलाहि ठेवीत. हाडें सुधारेपर्यंत तें तेल त्यानें आपण होऊन मधूनमधून घेतलें आणि मग सोडून दिलें.

हा प्रयोग ऐकून कोणी म्हणेल, 'झालें तर! मुलास वाटेल तें खाऊं द्यावें.' तसें मात्र नव्हे. खरी मेख पदार्थांच्या यादींत होती, असें डेव्हिसबाईंनीं स्वतःच बजाविलें आहे. साखर, मैदा, डबाबंद खाऊ यांना त्या यादींत थाराच नव्हता. निवड मुलाची होती. पण कशांतून निवडावयाचें हें वडील माणसांनीं आधींच ठरविलेलें होतें. पुढें अमेरिकेंतच एलिन सॅटर या आहारतज्ज्ञ बाईंनीं १९८० नंतरच्या दशकांत हीच गोष्ट कामाच्या वांटणीसारखी मांडली. काय वाढावें, केव्हां वाढावें व कोठें बसून जेवावें हें आईबापांनीं ठरवावें. त्यांतलें खावयाचें कीं नाहीं व किती खावयाचें, हें मुलानें ठरवावें. मला हा नियम फार पसंत आहे. आपल्या घरांतून नेमकें उलट चालतें. काय खावयाचें हें मूल ठरवितें आणि किती खावयाचें हें आई ठरविते.

आपल्या स्वयंपाकघरांत हा नियम कसा लावावा तें पाहूं. सर्वांसाठीं केलेला वरणभात, पोळी, भाजी, कोशिंबीर मुलाच्या ताटांतहि वाढावी; त्यांत त्याच्या ओळखीचा व आवडीचा एक तरी पदार्थ असावा. भाजी चमचाभरच वाढावी. त्यानें ती नुसती चिवडली तरी चालेल. लीन बर्च या मानसशास्त्रज्ञ बाईंनीं १९८२ सालीं दोन वर्षांच्या मुलांस अनोळखी पदार्थ वेगवेगळ्या वेळां चाखावयास दिले. कांहीं दोनदां, तर कांहीं वीस वेळांपर्यंत. जो पदार्थ जितक्या अधिक वेळां चाखला गेला, तितका तो अधिक आवडूं लागला. आपण तिसऱ्या खेपेसच 'ह्याला मेथी आवडत नाहीं' असा शिक्का मारून मोकळे होतों. शिवाय तो शिक्का मुलादेखत मारतों, मग तेंहि तो अभिमानानें मिरवितें.

आणखी एक गोष्ट आयांनीं ध्यानांत घ्यावी. जेवत नाहीं म्हणून ज्या मुलाची तक्रार असते, त्याचा दिवसभराचा हिशेब एकदां लिहून काढावा. उठल्यावर बाटलीभर दूध, दहा वाजतां बिस्किटें, जेवला नाहीं म्हणून दुपारीं पुन्हा दूध, संध्याकाळीं आजोबांच्या खिशांतलें चॉकलेट. भूक लागण्यास मधें सवड कोठें आहे? गाईम्हशींच्या दुधांत लोह फार थोडें असतें. दुधावरच वाढलेलें मूल गुटगुटीत दिसूनहि रक्तानें फिकें असूं शकतें, आणि अशा मुलाची भूक अधिकच मंदावते. जेवणाच्या वेळा ठरवून मधल्या काळांत पाण्याशिवाय कांहीं दिलें नाहीं, तर पुष्कळ घरांतली लढाई आठवड्याभरांत शमेल.

मोबाइलचें काय? जागतिक आरोग्य संघटनेनें २०१९ सालीं सांगितलें कीं, एक वर्षाखालील मुलास पडदा मुळींच दाखवूं नये व दोन ते चार वर्षांच्या मुलास दिवसाकांठीं तासाभराहून अधिक दाखवूं नये. माझा आक्षेप याहून साधा आहे. चित्रें पाहतां पाहतां गिळलेल्या घांसाची चव मुलास कळत नाहीं आणि पोट भरल्याचेंहि कळत नाहीं. चिऊकाऊच्या घांसांत निदान आई मुलाच्या डोळ्यांकडे पाहत असे.

आतां आग्रह, आमिष व बंदी या आपल्या तीन हत्यारांविषयीं. अमेरिकेंतील एका बालवर्गांत मुलांस सूप वाढून कांहीं दिवस 'संपव, संपव' असें म्हटलें, तर कांहीं दिवस कोणी कांहींच बोललें नाहीं. हा अभ्यास २००६ सालीं प्रसिद्ध झाला. न बोलतां वाढलें तेव्हां मुलें अधिक प्यालीं व त्यांनीं नांवेंहि कमी ठेविलीं. आमिषाची गति याहून वाईट. बर्चबाईंनींच १९८४ सालीं दाखविलें कीं, एखादें पेय पिण्याबद्दल बक्षीस किंवा शाबासकी दिली, तर पुढें मुलांस तें पेय पूर्वीहून कमी आवडूं लागतें. 'पालक संपव, मग चॉकलेट देतें' या वाक्यांतून मूल एवढेंच शिकतें कीं, पालक ही शिक्षा असून चॉकलेट हा मोक्ष आहे. तिसरें हत्यार बंदीचें. खाऊ डोळ्यांसमोर ठेवून त्यास हात लावूं दिला नाहीं, तर मुलांचें सारें लक्ष त्याच खाऊकडे लागतें, असें १९९९ च्या प्रयोगांत आढळलें. जें द्यावयाचें नाहीं तें घरांत आणूंच नये. आणि सणावारीं जें आणावयाचें, तें सर्वांनीं मिळून मोकळ्या मनानें खावें.

येथवर पोटाची गोष्ट झाली. परंतु ताटावर जें घडतें तें ताटावरच राहत नाहीं. हार्वर्डचे शरीरशास्त्रज्ञ वॉल्टर कॅनन यांनीं १८९० नंतरच्या दशकांत क्ष-किरणांच्या साह्यानें मांजराच्या पोटाची हालचाल पाहिली. मांजर भ्यालें वा चिडलें कीं ती हालचाल एकाएकीं थांबे. तें शांत झालें म्हणजे पुन्हा सुरू होई. माणसाचेंहि असेंच आहे. मीं ३५ वर्षें प्राथमिक शाळेंत शिकविलें. परीक्षेच्या सकाळीं पोट दुखणारीं मुलें मीं दर वर्षीं पाहिलीं, आणि त्यांतलीं बहुतेक ढोंग करीत नव्हतीं. चौथींतली एक मुलगी मधल्या सुट्टींत डब्यांतली अर्धी पोळी कुंपणाच्या भिंतींतल्या भोंकांत लपवी. डबा रिकामा गेला नाहीं तर घरीं चौकशी होई. ती अभ्यासांत हुशार होती, कोणाशीं भांडत नसे, आणि विचारल्या प्रश्नास तिचें पहिलें उत्तर नेहमीं 'हो बाई' किंवा 'हो गुरुजी' असेंच असे. पोट भरल्यावर 'नको' म्हणण्याची मुभा ज्या मुलास नाहीं, त्यास दुसऱ्या कोणत्याहि बाबतींत 'नको' म्हणणें जड जातें. मला त्या पोळीपेक्षां तिच्या 'हो'ची काळजी अधिक वाटे.

कॅलिफोर्नियांतील डायना बॉमरिंड यांनीं १९६० नंतरच्या दशकांत आईबापांच्या वागण्याचे तीन प्रकार वर्णिले. पहिल्यांत धाक आहे पण जिव्हाळ्याचें बोलणें नाहीं, दुसऱ्यांत लाड आहेत पण नियम नाहीं, आणि तिसऱ्यांत नियम आहेत व त्यांचें कारण सांगण्याइतकी मायाहि आहे. पाश्चात्य देशांतील पुढच्या अनेक अभ्यासांत तिसऱ्या प्रकारच्या घरांतलीं मुलें सामान्यतः अधिक स्वावलंबी व कमी खिन्न आढळलीं. मात्र हें मोजमाप यंत्राप्रमाणें लावूं नये. आईबाप जसे मुलास घडवितात, तसें मूलहि आईबापांस घडवितें. जें खात नाहीं त्यालाच आग्रह होतो, आणि आग्रह झाला म्हणून तें आणखी खात नाहीं. यांत आरंभ कोठला व शेवट कोठला हें सांगणें पुष्कळदां अशक्य असतें.

आपल्या जुन्या शिस्तीची येथें आठवण होते. 'पानांत टाकूं नये' हा नियम आम्हीं काठीच्या धाकानें शिकलों, पण त्यामागें कारण होतें. १९७२ च्या दुष्काळांत मिलोची लाल भाकरी व सुकडी खाऊन दिवस काढलेल्या पिढीस अन्न टाकणें पाहवत नाहीं. तो संस्कार मोडूं नये. फक्त त्याची जागा बदलावी. मुलास थोडें वाढावें, लागेल तसें मागूं द्यावें, म्हणजे अन्नहि वांयां जात नाहीं आणि पोटावर जुलूमहि होत नाहीं. हें सारें मी भरल्या घरांविषयीं बोलत आहें. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणींत देशांतील पांच वर्षांखालील शेंकडा ३५.५ मुलें उंचीनें खुंटलेलीं आढळलीं. तेथें प्रश्न आग्रहाचा नसून अन्नाचाच आहे. त्याच पाहणींत वाजवीहून अधिक वजनाचीं मुलें शेंकडा ३.४ होतीं; आधींच्या पाहणींत तीं शेंकडा २.१ होतीं.

मुलीच्या ताटाविषयीं वेगळें सांगितलेंच पाहिजे. एकाच पंक्तींत मुलास 'आणखी तूप घे' आणि बहिणीस 'आतां पुरे, जाडी होशील' असें म्हटलेलें मीं सुशिक्षित घरांत ऐकलें आहे. बारा-तेरा वर्षांच्या वयांत अंग भरणें हें निसर्गाचें काम आहे. त्या वयांत काका, मावशी वा पाहुण्यांनीं थट्टेनें काढलेला उद्गार मुलगी विसरत नाहीं. कांहीं मुली तेव्हांपासून जेवण चोरूं लागतात, तर कांहीं चोरून खाऊं लागतात. मुलगेहि यांतून सुटलेले नाहींत.

मुलगी खरोखरच अन्न तोडूं लागली व वजन उतरूं लागलें, तर मात्र 'वय आहे, होईल नीट' म्हणून थांबूं नये. हा आजार आहे, हट्ट नव्हे, आणि तो आईबापांच्या दोषामुळें होतो असेंहि नाहीं. पूर्वीं पाश्चात्य देशांतील कांहीं मोठे डॉक्टर अशा मुलीस घरापासून दूर ठेवीत. लंडनच्या मॉडस्ली रुग्णालयांत १९८० नंतरच्या दशकांत या समजुतीस छेद मिळाला. तेथें आईबापांसच मुलीस जेवूं घालण्याच्या कामांत डॉक्टरांचे साहाय्यक केलें, आणि लहान वयाच्या रुग्णांत याचा चांगला उपयोग झाला. लहान मुलांतहि जें चार-पांच पदार्थांपलीकडे कांहींच खात नाहीं, घांस लागून गुदमरतें, किंवा ज्याची वाढ तक्त्यावरची आपली रेघ सोडून खालीं येते, त्यास बालरोगतज्ज्ञास दाखवावें; तेथें आग्रह व अनाग्रह दोन्ही अपुरे पडतात. जातांना मुलाच्या उंची-वजनाच्या जुन्या नोंदी व आठवडाभराच्या खाण्याचा कागद बरोबर न्यावा. मनाच्या दुखण्याविषयीं प्रथम कोणाशीं बोलावें हें सुचत नसेल, तर केंद्र सरकारनें १० ऑक्टोबर २०२२ रोजीं सुरू केलेली 'टेली-मानस' ही दूरध्वनीवरील सेवा आहे. तिचा क्रमांक १४४१६ असून तेथें मराठींतहि बोलतां येतें.