परका राजा, तरी ‘अभिषिक्त’

इ.स.पू. ५८६च्या सुमारास बाबेलच्या नबुखद्नेस्सर राजाच्या सैन्याने जेरुसलेमचं मंदिर जाळलं. त्या काळच्या समजुतीप्रमाणे राष्ट्र हरलं की त्याचा देवही हरला. हिब्रू संदेष्ट्यांनी हा हिशेबच उलटा मांडला. यिर्मयाच्या ग्रंथात देव नबुखद्नेस्सराला चक्क ‘माझा सेवक’ म्हणतो. त्याआधी यशयाने अश्शूर साम्राज्याला देवाच्या हातातली काठी ठरवलं होतं. अर्थात, काठी मिजाशीत आली की तिचीही धडगत नाही!

सर्वांत धीट विधान यशयाच्या ४५व्या अध्यायात आहे. इराणचा राजा कोरेश, म्हणजे सायरस, तिथे देवाचा ‘माशीअह’ अर्थात अभिषिक्त ठरतो. हिब्रू शास्त्रात हा मान मिळालेला तो एकमेव परका राजा. त्यातून हा देव त्याच्या ओळखीचाही नाही, हे तोच अध्याय सांगतो. इ.स.पू. ५३९मध्ये कोरेशने बाबेल जिंकलं आणि तिथे बंदिवान करून नेलेल्या यहुद्यांना परतीची वाट मोकळी झाली.

गंमत पुढेच आहे. बाबेलच्या अवशेषांत १८७९ साली सापडलेल्या मातीच्या दंडगोलावर कोरेशची स्वतःची बाजू कीलाक्षरांत कोरलेली आहे. त्यानुसार त्याला निवडलं ते बाबेलच्या मर्दुक देवाने. यहुद्यांचा तर त्यात उल्लेखही नाही. विजय एकच, श्रेयाचे धनी दोन. जेमतेम वीतभर लांबीचा हा दंडगोल एरवी लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये असतो. २०१३-१४मध्ये तो मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात पाहुणा म्हणून आला होता.