नख अडकतं का?

गाडीवर ओरखडा दिसला की आधी त्यावरून नख फिरवा. अडकलं नाही, तर इजा वरच्या पारदर्शक थरापुरतीच, म्हणजे क्लिअरकोटपुरती आहे. हा थर साधारण ४०-५० मायक्रॉनचा, केसाहून पातळ. असा ओरखडा घालवायला रबिंग कंपाउंड वापरतात, पण ते ओरखडा भरत नाही. भोवतालचा थर किंचित झिजवून सपाट करतं. म्हणून जोर नको, आणि त्याच जागी पुन्हापुन्हा तर नकोच. गाडी नीट धुवा (राहिलेली धूळच नवे ओरखडे पाडते), सावलीत, पत्रा गार असताना मायक्रोफायबरच्या फडक्याने कंपाउंड हलकं घासा. मग पॉलिश, वॅक्स. टूथपेस्टचा घरगुती उपाय अगदी बारीक रेघांपुरताच. नख अडकलं, तर मात्र टच-अप पेंट हवा. रंगाचा कोड बऱ्याच गाड्यांत दाराच्या चौकटीवर किंवा बॉनेटखाली सापडतो.