काविळीची इंजेक्शने आणि रक्तातील साखर

ज्यांच्या घरात जुन्या काविळीचा रुग्ण आहे, त्या बंधु-भगिनींनी हे जरा सावकाश वाचावे. महिना-दोन महिन्यांत उतरणारी कावीळ येथे अभिप्रेत नाही. दूषित रक्तातून, एकाची सुई दुसऱ्याला टोचल्याने शिरणारी आणि वर्षानुवर्षे यकृतात ठाण मांडणारी हिपॅटायटिस 'बी' व 'सी' यांविषयी हे आहे.

'सी'चा विषाणू १९८९ साली ओळखला गेला. पुढे वीसेक वर्षे त्यावर इंटरफेरॉन हेच मुख्य औषध होते. आधी आठवड्याला तीन इंजेक्शने, नंतरच्या सुधारित प्रकारात एक. तेही सहा महिने ते वर्षभर. हे औषध शरीराची संरक्षक यंत्रणा चेतवते. थोड्या रुग्णांत मात्र ही यंत्रणा आपल्याच स्वादुपिंडातील इन्सुलिन बनवणाऱ्या पेशींवर उलटते आणि मधुमेह जडतो. औषध थांबवले तरी तो बहुधा जात नाही, इन्सुलिन घ्यावेच लागते. गोड खाल्ल्याने हे झाले असे म्हणून रुग्णाला बोल लावणे अन्यायाचे आहे.

खरी फसगत लक्षणांत होते. इंटरफेरॉनने अंग मोडून येते, थकवा येतो, वजन घटते. मधुमेहातही थकवा आणि वजन घटणे आहेच. मग घरची माणसे म्हणतात, "इंजेक्शनचाच त्रास, सोसायला हवा." वेगळी खूण म्हणजे तहान आणि लघवी. रुग्ण उशाशी तांब्या घेऊन झोपू लागला, रात्री चार वेळा उठू लागला, तर त्याच दिवशी साखर तपासावी. उलट्या, धाप किंवा गुंगी असेल तर तडक रुग्णालय गाठावे. पगाराची वाट पाहू नये. जोडीला रिबाव्हिरिनच्या गोळ्या असतील तर तीन महिन्यांच्या सरासरी साखरेच्या तपासणीवर विसंबू नये. त्या गोळ्यांनी तांबड्या पेशी फुटतात व आकडा खोटाच कमी दिसतो.

आता 'सी'साठी गोळ्या आल्या आहेत, बहुतेकांना बारा आठवडे पुरतात. २०१८ साली सुरू झालेल्या केंद्र सरकारच्या कार्यक्रमात त्या सरकारी उपचार केंद्रांत मोफत मिळतात. 'बी' आणि 'डी'च्या काही रुग्णांना मात्र इंटरफेरॉन आजही देतात.

गोळ्यांची गोष्ट उलटी आहे. 'सी'चा विषाणू स्वतःच साखर वाढवतो. तो हटला की ती उतरू शकते. आधीपासून इन्सुलिन किंवा साखरेच्या गोळ्या घेणाऱ्याला मग जुनाच डोस जास्त होतो, घाम सुटतो, हातपाय कापतात. म्हणून काविळीच्या डॉक्टरांकडे जाताना साखरेच्या औषधांची चिठ्ठीही सोबत न्यावी.